मोठ्या शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयातील घडामोडी आणि कार्यक्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मध्यवर्ती ग्रंथालय, शहरभर पसरलेल्या शाखा, फिरते ग्रंथालय आणि फोनवरचे ई-ग्रंथालय हे सगळे एकाच सभासद कार्डावर चालते. सूचनाही चार बाजूंनी येतात आणि तिथेच गोंधळ सुरू होतो. खालील उत्तरे अशा ग्रंथालयांच्या सर्वसाधारण पद्धतीला धरून आहेत. मुदती आणि मर्यादा थोड्याफार इकडेतिकडे असतात, तेव्हा नेमका आकडा आपल्या शाखेच्या देवघेव विभागात विचारून घ्यावा.

कार्यक्रमांची माहिती सर्वांत आधी कुठे मिळते?

ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरील कार्यक्रम-दिनदर्शिकेत. भित्तिपत्रक छापून, शाखाशाखांत पोहोचून फलकावर लागेपर्यंत आठवडा सहज जातो आणि तोवर कार्यशाळांच्या जागा भरलेल्या असतात. फलक पाहून येणाऱ्यांना "जागा संपल्या" हे ऐकावे लागते ते यामुळेच.

दिनदर्शिका उघडली की आधी शाखा निवडा, मग वयोगट आणि शेवटी तारीख. हा क्रम उलटा केला की चूक होते. "शनिवारचे कथाकथन" एकाच वेळी पाच शाखांत असू शकते आणि यादीत सगळ्यांचे शीर्षक एकसारखेच दिसते. दर महिन्याला कोणी ना कोणी चुकीच्या शाखेत जाऊन थांबते. नोंदणीनंतर येणाऱ्या ईमेलमधला पत्ता एकदा नजरेखालून घाला.

ईमेल येतच नसेल तर स्पॅमचा कप्पा पाहा आणि तिथेही नसेल तर सभासद खात्यातला पत्ता तपासा. बऱ्याच जणांनी कार्ड काढताना दिलेला ईमेल किंवा फोन नंबर कधीच बदललेला असतो. कार्यक्रम रद्द झाल्याची, आरक्षित पुस्तक आल्याची आणि मुदत संपत आल्याची अशा तिन्ही सूचना त्याच जुन्या पत्त्यावर जात राहतात.

काही कार्यक्रमांना नावनोंदणी लागते, काहींना लागत नाही. असे का?

जिथे साहित्य किंवा उपकरणे मोजकी असतात तिथे नोंदणी लागते. शिवणयंत्रे आठ असतील तर शिकणारेही आठच. व्याख्यान, अभिवाचन, प्रदर्शन यांना बहुधा थेट येता येते.

सभागृहाची क्षमता मात्र खुर्च्यांवरून ठरत नाही. आग लागल्यास सगळे लोक बाहेर पडू शकतील का, दारांची रुंदी किती, वाटा किती मोकळ्या, यावरून ती अग्निसुरक्षा नियमांनी ठरवून दिलेली असते. म्हणून "मागे एक खुर्ची टाका, मी उभा राहतो" अशी विनंती कर्मचाऱ्यांना मान्य करता येत नाही. सभागृहात दोन खुर्च्या रिकाम्या दिसल्या तरी माणसांची मोजणी पूर्ण झालेली असू शकते.

नाव नोंदवले, पण आता जमणार नाही. कळवायलाच हवे का?

हो, आणि लवकर कळवा. मोफत कार्यक्रमांची सर्वांत मोठी अडचण गर्दी नाही, रिकाम्या खुर्च्या ही आहे. लोक नाव नोंदवतात आणि येत नाहीत. मग ग्रंथालय २० जागांसाठी २५ नावे घेऊ लागते आणि एखाद्या दिवशी पंचवीसही जण येतात. दोन्हीकडून नुकसानच.

रद्द करायला नोंदणीच्या ईमेलमधली कळ दाबली की पुरते. किमान २४ तास आधी केले तर प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला आपोआप निरोप जातो. त्यालाही होकार द्यायला काही तासांची मुदत असते आणि ती उलटली की जागा त्याच्या पुढच्याकडे जाते. म्हणून प्रतीक्षा यादीत असाल तर कार्यक्रमाच्या आदल्या दोन दिवसांत ईमेल पाहत राहा. सुरुवातीनंतर दहा मिनिटांनी रिकाम्या जागा दाराशी थांबलेल्यांना देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, त्यामुळे यादीत खाली असलात तरी येऊन पाहायला हरकत नाही.

बालकथेसाठी मूल किती वर्षांचे हवे? ते शांत बसत नसेल तर?

साधारण तीन गट असतात: दीड वर्षापर्यंतची बाळे, दीड ते तीन वर्षे, आणि तीन ते सहा वर्षे. बाळांचे सत्र २० मिनिटांचे, मोठ्यांचे ३० ते ४० मिनिटांचे. फरक फक्त वेळेत नाही. बाळांच्या सत्रात गोष्ट जवळजवळ नसतेच. बडबडगीते, टाळ्या, मांडीवर झुलवणे आणि जाड पुठ्ठ्याची पाने हाताळणे एवढेच असते. तिथे शिकायचे असते ते पालकांनी, की घरी हेच दिवसातून दोनदा कसे करायचे. तीन वर्षांच्या पुढच्या गटात दोन किंवा तीन पुस्तके, मध्ये हालचालीचे एखादे गाणे, आणि शेवटी चित्र किंवा चिकटकाम.

शांत बसणे ही अट नाही. दोन वर्षांचे मूल पाठ फिरवून खोलीभर चालत असते, तरी त्याच्या कानावर सगळे पडत असते. रडू लागले तर पाच मिनिटे बाहेर न्या आणि परत या, सत्र अर्धवट सोडून घरी जाऊ नका. अनोळखी खोली, अनोळखी माणसे आणि मोठा आवाज या तिन्हींची सवय व्हायला लहान मुलाला बहुधा तीन-चार खेपा लागतात. पहिल्याच दिवशी "हिला आवडत नाही" असा निष्कर्ष काढून लोक थांबतात, याचे वाईट वाटते.

पाहुणा म्हणून मोठे भावंड आणले तर चालते. खेळणी आणू नका. एक खेळणे आले की सगळी खोली त्याच्याकडे पाहते.

मुलाला कार्यक्रमात बसवून आम्ही बाहेर जाऊन येऊ शकतो का?

नाही. ठरावीक वयाखालच्या मुलाबरोबर मोठे माणूस इमारतीत हवेच आणि अगदी लहान गटांत ते त्याच खोलीत हवे. सार्वजनिक इमारतीत कोणीही येऊ शकते. तिथले कर्मचारी पाळणाघर चालवत नसतात.

वाचकगटात सामील व्हायचे आहे. पुस्तक पूर्ण वाचलेले नसले तर चालते का?

चालते, पण शेवट कळणार हे गृहीत धरून या. तुमच्यासाठी कोणी शेवट झाकून बोलणार नाही.

गट बहुधा महिन्यातून एकदा, दीड तास बसतो. ८ ते १२ माणसे ही चांगली संख्या. पाचांखाली चर्चा रेंगाळते आणि पंधरांपुढे निम्मे जण तोंडच उघडत नाहीत. पुस्तक ठरवताना गटचालक तीन गोष्टी पाहतात: शाखांत मिळून किती प्रती आहेत, ३०० पानांच्या आसपास आहे का, आणि मोठ्या अक्षरांत, श्राव्य किंवा ई-रूपात मिळते का. तुमचे आवडते सातशे पानी पुस्तक नाकारले गेले तर कारण एवढेच असते. काही ग्रंथालये एकाच पुस्तकाच्या १० प्रतींचा संच पिशवीत भरून देतात. तो एका कार्डावर, सहा आठवड्यांसाठी मिळतो. स्वतःचा गट घरी किंवा सोसायटीत चालवायचा असेल तर हा संच मागा. परत करताना सगळ्या प्रती एकदम द्याव्या लागतात, एक राहिली तरी संच जमा होत नाही. म्हणून कोणाकडे कोणती प्रत गेली हे दाखल क्रमांकानिशी (ग्रंथालयाने प्रत्येक प्रतीला दिलेल्या क्रमांकासह) लिहून ठेवा.

चर्चा का फसते? बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नामुळे. "पुस्तक आवडले का?" असे विचारले की दहा जण हो-नाही म्हणतात आणि विषय संपतो. त्याऐवजी एखादे पान उघडून परिच्छेद मोठ्याने वाचा आणि "इथे ही व्यक्ती खरे बोलतेय का?" असे विचारा. मजकूर समोर असला की माणसे मतांवरून पुस्तकाकडे येतात. एकच जण बोलत राहिला तर गटचालकाने पुढचा प्रश्न नाव घेऊन दुसऱ्याला विचारावा. "इतरांनाही बोलू द्या" असे म्हणण्याची वेळ येऊ देऊ नये.

चर्चा नको, नुसते एकत्र बसून वाचायचे आहे. असे काही असते?

असते. मूक वाचनाचे गट २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाले आणि आता अनेक शहरांत ग्रंथालये ते भरवतात. प्रत्येकाने आपापले पुस्तक आणायचे, तासभर वाचायचे आणि मग वाटले तर दोन शब्द बोलायचे. बुजऱ्या माणसांसाठी वाचकगटाहून ही वाट सोपी आहे.

"एक शहर, एक पुस्तक" म्हणजे काय?

शहराने एका हंगामात एकच पुस्तक वाचायचे आणि त्यावर शाखाशाखांत चर्चा, व्याख्याने, अभिवाचने करायची. सिएटलच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९९८ मध्ये हे पहिल्यांदा झाले आणि तिथून जगभर गेले. अशा वेळी त्या पुस्तकाच्या जादा प्रती घेतल्या जातात, काही थेट मांडणीवर ठेवल्या जातात आणि त्यांना आरक्षण लागत नाही. तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकयादीत, "सर्व प्रती बाहेर" दिसले तरी शाखेत जाऊन पाहा.

आरक्षणात माझा क्रमांक ४० आहे. पुस्तक कधी मिळेल?

हिशेब सोपा आहे. रांगेतला क्रमांक भागिले प्रतींची संख्या, गुणिले वाचायची मुदत. ८ प्रती आणि १४ दिवसांची मुदत असेल तर ४० भागिले ८ म्हणजे ५ फेऱ्या, म्हणजे ७० दिवस. त्यात प्रत्येक फेरीला तीन-चार दिवस धरा, कारण पुस्तक एका शाखेतून दुसरीत जाते आणि आरक्षण-मांडणीवर वाचकाची वाट पाहत थांबते. म्हणजे तीन महिन्यांच्या आत-बाहेर. प्रत्यक्षात थोडे लवकरही मिळते, कारण सगळेच मुदत संपेपर्यंत पुस्तक ठेवत नाहीत आणि रांग वाढली की ग्रंथालय प्रती वाढवते. दर पाच-सहा आरक्षणांमागे एक प्रत असे प्रमाण बरीच ग्रंथालये पाळायचा प्रयत्न करतात.

पुस्तक आल्यावर ते साधारण सात दिवस तुमच्यासाठी राखून ठेवतात. गावाला जाणार असाल तर आरक्षण रद्द करू नका, "तात्पुरते स्थगित" करा. क्रमांक पुढे सरकत राहतो, फक्त पुस्तक तुमच्या नावावर निघत नाही. ही सोय खात्याच्या पानावर असते आणि फार थोड्यांना ठाऊक असते. ती न वापरल्याने लोक तीन महिने थांबून मिळालेले पुस्तक परत जाताना पाहतात.

ई-पुस्तकाला रांग कशी काय? त्याच्या हव्या तितक्या प्रती काढता येतात ना?

काढता येतात, पण तशी परवानगी नसते. छापील पुस्तक ग्रंथालय विकत घेते. ई-पुस्तकाचा मात्र केवळ परवाना मिळतो आणि बहुतेक परवाने "एका वेळी एक वाचक" अशा अटीवर असतात. काही प्रकाशकांचा परवाना दोन वर्षांनी संपतो, काहींचा २६ वेळा वाचायला दिल्यावर. मग तेच पुस्तक पुन्हा विकत घ्यायचे. छापील प्रत नीट बांधली तर याहून कितीतरी जास्त हात फिरते. यादीतून एखादे ई-पुस्तक अचानक नाहीसे झाले तर बहुधा परवाना संपलेला असतो.

तुमचे वाचून लवकर झाले तर मुदतीची वाट न पाहता ॲपमधून परत करा. पुढच्याला ते त्याच मिनिटाला मिळते.

ग्रंथालये विलंब शुल्क बंद करत आहेत हे खरे का? मग पुस्तके परत येतात का?

खरे आहे. सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोने २०१९ मध्ये, न्यूयॉर्कने २०२१ मध्ये विलंब शुल्क रद्द केले. कारण अनुभवातून आले होते. दंड साचला की माणूस पुस्तक परत करत नाही, उलट ग्रंथालयात यायचेच बंद करतो. सर्वांत आधी तुटतात ती कमी उत्पन्नाच्या घरातली मुले. शिकागोत दंड उठल्यावर वर्षानुवर्षे अडकलेली पुस्तके घेऊन लोक परत आले.

दंड नाही म्हणजे जबाबदारी नाही असे नव्हे. ठरावीक दिवसांनंतर पुस्तक हरवले असे धरून त्याची किंमत खात्यावर चढते आणि कार्ड थांबते. पुस्तक आणून दिले की ती रक्कम निघून जाते. तुमच्या ग्रंथालयात अजून दंड असेल तर "दंडमाफी सप्ताह" कधी आहे ते विचारा. त्या दिवसांत परतीच्या पेटीत टाकण्यापेक्षा पुस्तक देवघेव विभागात हातात द्या आणि खात्यावरची नोंद तिथल्या तिथे निघाली का ते पाहा.

सभागृह किंवा बैठकीची खोली आम्हाला मिळेल का?

बहुतेक ठिकाणी ना-नफा गटांना मिळते. अटी साधारण अशा: कार्यक्रम सर्वांना खुला हवा, प्रवेशमूल्य नको, वस्तूंची विक्री नको. युनेस्कोने सार्वजनिक ग्रंथालयांचा जाहीरनामा १९४९ मध्ये काढला आणि २०२२ मध्ये तो ताज्या रूपात आला. वय, लिंग, धर्म, भाषा, सामाजिक स्थान काहीही असो, सर्वांना समान सेवा हा त्याचा गाभा. खोली देताना म्हणूनच गटाचे विचार पाहिले जात नाहीत, नियम पाळतो का एवढेच पाहिले जाते.

अर्जात लोक तीन गोष्टी हमखास विसरतात. मांडामांडीला लागणारा अर्धा तास आरक्षित वेळेतच धरायचा असतो, आवराआवरीचाही. प्रक्षेपकाला जोडायची वायर तुमच्या लॅपटॉपला लागते का, हे आदल्या दिवशी येऊन जोडून पाहा. आणि भित्तिपत्रकावर ग्रंथालयाचा उल्लेख फक्त स्थळ म्हणून करा. आयोजक म्हणून नाव छापले तर पुढच्या वेळी खोली मिळणे अवघड जाते.

आम्हाला कार्यक्रम सुचवायचा आहे. कसा सुचवावा?

1. किमान तीन महिने आधी सुचवा. दिनदर्शिका दोन-तीन महिने पुढचीच भरलेली असते.
2. एका पानात लिहा: विषय, कोणासाठी, किती माणसे, किती वेळ, काय साहित्य लागेल.
3. हा विषय तुम्ही आधी कुठे शिकवला किंवा मांडला आहे, ते दोन ओळींत.
4. कोणत्या शाखेत आणि का. "कुठेही चालेल" यापेक्षा "या शाखेच्या आसपास तीन शाळा आहेत" हे कितीतरी उपयोगी पडते.

स्वतःच्या व्यवसायाची जाहिरात असलेला प्रस्ताव नाकारला जातो. गुंतवणुकीवरचे "मोफत मार्गदर्शन" बहुधा याच कारणाने मागे फिरते. स्वतः छापलेल्या पुस्तकाचे प्रकाशन एकट्याचे ठेवण्यापेक्षा, त्याच विषयावरचे तीन-चार स्थानिक लेखक मिळून करा. श्रोते येतात, आणि नुसत्या नातेवाइकांपुढे बोलायची वेळ येत नाही.

मानवी ग्रंथालय हा काय प्रकार आहे?

इथे पुस्तकाऐवजी माणूस "वाचायला" मिळतो. डेन्मार्कमध्ये २००० साली याची सुरुवात झाली. ज्यांच्याबद्दल समाजात पूर्वग्रह असतात अशी माणसे स्वेच्छेने पुस्तक होतात, आणि वाचक २० ते ३० मिनिटे समोर बसून त्यांना प्रश्न विचारतो. कोणताही प्रश्न विचारता येतो आणि कोणत्याही प्रश्नाला नकार देता येतो. "पुस्तक" व्हायचे असेल तर आधी तयारीची बैठक असते. लोक कितीही मायेने वागले तरी तेच दुखरे प्रश्न दिवसभर ऐकून थकवा येतो, म्हणून दोन-तीन वाचकांमागे विश्रांती मागून घ्या.

दुरुस्ती-कट्ट्यावर काय आणावे?

एका हातात उचलता येईल असे काहीही: टेबललॅम्प, मिक्सर, सायकलचे चाक नाही पण तिचा दिवा, फाटलेली बॅग, चेन बिघडलेले जॅकेट. अशा कट्ट्याची सुरुवात अॅमस्टरडॅमात २००९ मध्ये झाली. दुरुस्त करून "देत" नाहीत, तुमच्यासोबत बसून करतात. उपकरण पुसून आणा, त्याची वायर आणि चार्जर सोबत आणा. वायर घरी राहिल्यामुळे परत जाणारे फार. मायक्रोवेव्ह बहुतेक कट्टे घेत नाहीत, कारण प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो.

जुने फोटो आणि कागद स्कॅन करून देण्याच्या दिवसाची तयारी कशी करावी?

शहराचा इतिहास बराचसा लोकांच्या कपाटांत असतो, म्हणून ग्रंथालये हे दिवस ठरवतात. मूळ वस्तू त्याच दिवशी तुम्हाला परत मिळते, ग्रंथालय ठेवते ती फक्त प्रतिमा.

सहसा २० ते २५ वस्तूंची मर्यादा असते. निवडताना चेहऱ्यांपेक्षा पार्श्वभूमीला भाव द्या. लग्नाच्या फोटोत मागे दिसणारे दुकान, पाटी, बसथांबा यातच शहर सापडते. अल्बमला घट्ट चिकटलेला फोटो ओढून काढू नका, अख्खा अल्बम आणा, तो पानासकट स्कॅन होतो. मागे पेनने काही लिहू नका. शाई वर्षांनी पुढच्या बाजूला उमटते आणि चकचकीत कागदावर ती वाळतही नाही, खालच्या फोटोला लागते. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा, नाहीतर वेगळ्या कागदावर क्रमांक टाकून यादी करा: कोण, कुठे, अंदाजे कधी, फोटो कोणी काढला.

पोस्टकार्डाएवढे फोटो साधारण ६०० डीपीआयला (एका इंचात इतके ठिपके), मोठे ३०० ते ४०० ला स्कॅन होतात. ३५ मिमी निगेटिव्हला त्याहून कितीतरी जास्त लागते आणि वेगळे यंत्र लागते, म्हणून निगेटिव्ह घेतात का हे आधी विचारा. जतनाची प्रत टिफ प्रकारच्या फाइलमध्ये ठेवतात, कारण जेपेग प्रकारची फाइल दर वेळी नव्याने साठवताना थोडा तपशील गमावते. तुम्हाला पेनड्राइव्हवर बहुधा जेपेग मिळते आणि घरी पाहायला ती पुरेशी असते.

संमतिपत्र वाचूनच सही करा. प्रतिमा संकेतस्थळावर सर्वांना दिसणार की फक्त संदर्भ विभागात, आणि नाव द्यायचे की नाही, हे दोन रकाने तुमच्या हातात असतात.

घरातली पुस्तके दान करायची आहेत. ग्रंथालय "नको" का म्हणते?

दान आलेले पुस्तक फुकट नसते. ते तपासायचे, तालिकेत नोंदवायचे, दाखल क्रमांक द्यायचा, पाठीवर बोधांकाची (मांडणीवरची जागा दाखवणाऱ्या क्रमांकाची) चिठ्ठी लावायची, आत चिप चिकटवायची आणि मग मांडणीवर तितकी जागा काढायची. म्हणून जुन्या आवृत्तीची पाठ्यपुस्तके, कायदा-वैद्यक-संगणक यांवरची दहा वर्षांपूर्वीची पुस्तके, ज्ञानकोशांचे सुटे खंड आणि मासिकांचे गठ्ठे घेत नाहीत.

कुबट वास येणारे एकही पुस्तक खोक्यात घालू नका. वास म्हणजे बुरशी, आणि ती शेजारच्या पुस्तकांत शिरते. एका खोक्यात तसे एक सापडले तर सगळे खोके बाजूला पडते. खोके लहान घ्या. एक मीटर लांबीची पुस्तके साधारण ३० किलो भरतात आणि मोठ्या खोक्याचा तळ जिन्यातच सुटतो. आधी यादी किंवा पाठींचा फोटो पाठवा, हेलपाटा वाचेल.

चांगली पुस्तके ग्रंथालय बाद का करते?

हा प्रश्न लोक रागाने विचारतात आणि राग समजण्यासारखा आहे. पण मांडणी जितकी भरलेली, तितके हवे ते पुस्तक सापडणे कठीण. बाद करताना माहिती जुनी किंवा चुकीची झाली आहे का, बांधणी सुटली आहे का, नवी आवृत्ती आली आहे का, दुसऱ्या शाखेत प्रत आहे का, आणि किती वर्षे कोणी नेलेले नाही, हे पाहतात. शेवटच्या एकाच कसोटीवर बाद करणे चूक आहे, आणि चांगला ग्रंथपाल तसे करत नाही. शहरासंबंधीची पुस्तके, दुर्मीळ प्रती आणि शेवटची उरलेली प्रत राखून ठेवली जाते. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, असे भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतले शेवटचे सूत्र सांगते. वाढणाऱ्या झाडाची छाटणीही करावी लागते.

बाद झालेली पुस्तके सहसा वार्षिक पुस्तकविक्रीत येतात. पहिल्या तासाला चांगल्या प्रतींसाठी गर्दी असते, शेवटच्या दिवशी पिशवीच्या भावाने मिळतात. मुलांसाठी घ्यायची असतील तर शेवटचा दिवस बरा.

ग्रंथालयाचे पुस्तक पावसात भिजले. वाळवून परत करू का?

आधी फोन करा, वाळवायच्या भरात नुकसान वाढते. ओल्या पुस्तकावर ४८ तासांत बुरशी धरू शकते. नुसते कडेला ओलावले असेल तर पुस्तक उभे करा, पाने पंख्यासारखी थोडी उघडा, दर वीस-पंचवीस पानांमागे कोरा टिपकागद घाला आणि तो ओला झाला की बदला. पंखा खोलीत फिरू द्या, थेट पुस्तकावर नको. ऊन आणि हेअरड्रायर दोन्ही टाळा, पाने लाटांसारखी वाकतात आणि पाठीचा डिंक तडकतो.

चित्रांच्या गुळगुळीत कागदाचे पुस्तक पूर्ण भिजले असेल तर ते वाळू देऊच नका. त्या कागदावरचा लेप ओला झाला की गोंदासारखा होतो, आणि वाळताना पाने एकमेकांना जी चिकटतात ती पुन्हा सुटत नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा आणि तसेच ग्रंथालयात न्या. गोठवल्याने वेळ मिळतो, एवढेच. बुरशी मरत नाही.

आमची शाखा नूतनीकरणासाठी बंद होतेय. पुस्तके आणि आरक्षणांचे काय?

बंद होण्याच्या काही आठवडे आधी वाचायची मुदत वाढवतात आणि जास्त पुस्तके न्यायला सांगतात. ते खरेच न्या, तेवढी खोकी कमी होतात. तुमचे आरक्षण दुसऱ्या शाखेकडे वळते, पण कोणती शाखा हे खात्यात तुम्हीच निवडलेले बरे. नाहीतर संगणक "जवळची" म्हणून जी देतो ती बसच्या मार्गावर नसते. पुस्तक-पेटीही बंद होते. बंद दारापाशी पुस्तके ठेवून गेलात तर ती तुमच्याच नावावर राहतात.

काम लांबते ते बहुधा भिंती उघडल्यावर. जुनी वायरिंग, गळके नळ आणि पुस्तकांच्या वजनाला अपुरी पडणारी जमीन तेव्हाच दिसते.

व्हीलचेअर, श्रवणयंत्र, सांकेतिक भाषा यांची सोय असते का?

असते, पण काही सोयी आधी मागाव्या लागतात. सांकेतिक भाषेचा दुभाषी हवा असेल तर दोन आठवडे आधी कळवा. तासाभराहून लांब कार्यक्रमाला दोन दुभाषी लागतात, कारण ते दर २० मिनिटांच्या आसपास आलटून-पालटून काम करतात. सभागृहात श्रवण-वलय असल्याची खूण दिसली तर श्रवणयंत्राची कळ "टी" या खुणेवर लावा. ध्वनिक्षेपकातला आवाज थेट यंत्रात येतो. वक्ता "मला माईक लागत नाही" म्हणाला तर हात वर करून त्याला माईक घ्यायला सांगा. त्याचा आवाज कितीही खणखणीत असो, माईकशिवाय वलयात काहीच जात नाही.

दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तक ब्रेल किंवा श्राव्य रूपात आणणे २०१३ च्या माराकेश करारामुळे सोपे झाले. ज्या देशांनी तो मान्य केला आहे, तिथे अशी प्रत बनवायला आणि देशांमध्ये पाठवायला प्रकाशकाची वेगळी परवानगी लागत नाही. भारत त्याला मान्यता देणारा पहिला देश होता.

कार्यक्रमांत फोटो काढतात. माझा नको असेल तर?

दाराशी सांगा. बऱ्याच ठिकाणी वेगळ्या रंगाची पट्टी किंवा बिल्ला देतात. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय काढत नाहीत.

एखादे पुस्तक किंवा कार्यक्रम ग्रंथालयात असू नये असे मला वाटते. कुणाला सांगू?

शाखेच्या ग्रंथपालाला सांगा, आणि पुनर्विचाराचा अर्ज मागा. त्यात विचारतात की तुम्ही पुस्तक पूर्ण वाचले का, कोणत्या पानावर काय खटकले, आणि त्याऐवजी कोणते सुचवाल. अर्जावर समिती निर्णय देते, आणि तोवर पुस्तक मांडणीवरच राहते.

उलट, एखादे पुस्तक असायला हवे आणि नाही, असे वाटत असेल तर खरेदी-सूचनेचा अर्ज भरा. लेखक, शीर्षक, वर्ष आणि आयएसबीएन (पुस्तकावर छापलेला ओळख-क्रमांक) लिहा. २००७ पासून तो १३ अंकी असतो, जुन्या पुस्तकांवर १० अंकी सापडेल, दोन्ही चालतात. अर्ज मान्य झाला तर पहिले आरक्षण बहुधा तुमच्याच नावावर टाकतात, तेव्हा कार्ड क्रमांक लिहायला विसरू नका.